फिरते भाग नसलेले ध्वनिमुद्रण व चित्रमुद्रण

प्राथमिक शाळांतून कवितागायन, पाठांतर, स्नेहसंमेलनातील नाट्यप्रवेश, क्वचित् गावातील वृद्ध स्त्रीपुरुषांच्या मुलाखती या गोष्टी मोबाइल फोनवर मुद्रित करून ठेवण्याचा प्रघात आता सर्वत्र पडला आहे. मुद्रण झाले की मुले ते लागलीच ऐकतात व पाहतात, आणि त्यांतील एखादा चौकस विद्यार्थी गुरुजींस विचारतो की, आवाज या यंत्रात कोठे जाऊन बसला? हा प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. ग्रामोफोनच्या काळी त्याचे उत्तर देणे सोपे होते. तबकडी फिरताना दिसे, सुई चरीतून जाताना दिसे, भिंग घेऊन पाहिल्यास चरीची नागमोडी वळणेही दिसत. टेपरेकॉर्डरच्या काळी निदान फीत एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर जाताना दिसे. आजच्या यंत्राच्या साठवणीत फिरणारे, सरकणारे वा घासणारे असे काहीच नाही. नखाएवढ्या काळ्या कार्डात तासन् तास चाललेले बोलणे व चित्र साठते आणि ते कार्ड मात्र जागचे हालत नाही. हे कसे घडते आणि या स्तब्ध स्मृतीवर कितपत विसंबावे, हे शिक्षकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण शाळेतील मुद्रणे जपण्याची जबाबदारी आता त्यांच्यावरच येऊन पडली आहे.

प्रथम जुनी यंत्रे का फिरत होती, याचा विचार करावा. टॉमस एडिसन याने १८७७ साली अमेरिकेत जो फोनोग्राफ तयार केला, त्यात कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेले एक नळकांडे होते. ते हाताने फिरवावे लागे. बोलणाऱ्याच्या आवाजाने एक पडदा थरथरे, पडद्यास जोडलेली सुई पत्र्यावर कमीअधिक दाबाने खाचा पाडी. पुढे १८८७ साली एमिल बर्लिनर याने नळकांड्याच्या जागी सपाट तबकडी आणली आणि ग्रामोफोन जन्मास आला. डेन्मार्कमधील वाल्डेमार पौल्सन याने १८९८ साली खाचांचा मार्गच सोडून दिला. त्याने पोलादी तार विद्युच्चुंबकाजवळून ओढली आणि आवाजाच्या चढउतारानुसार ती तार ठिकठिकाणी कमीअधिक चुंबकित केली. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ या यंत्रापुढे बोलला. त्याचे ते शब्द आजही ऐकावयास मिळतात. तारेच्या जागी चुंबकीय चूर्ण लावलेली फीत फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८ साली जर्मनीत सिद्ध केली आणि १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात त्या फितीवर चालणारे मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांपुढे आले.

या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान होती. आवाज हा काळात घडतो. एक क्षण गेला की दुसरा येतो. त्या क्षणांना ओळीने मांडून ठेवावयाचे तर प्रत्येक क्षणास निराळी जागा द्यावी लागते. नळकांडे, तबकडी, तार किंवा फीत पुढे सरकत राहिली म्हणजे एका क्षणाची खूण एका जागी व पुढच्या क्षणाची खूण तिच्या शेजारी उमटते. थोडक्यात, काळाची लांबी फितीच्या लांबीत उतरविण्यासाठीच ते सारे फिरणे होते. चाके व पट्टे हा यंत्राचा शोभेचा भाग नव्हता. त्यांच्याविना मुद्रणच अशक्य होते.

परंतु या फिरण्यावर सारे अवलंबून असल्यामुळे त्याचे दोषही आवाजात उतरत. ग्रामोफोनची चावी संपत आली की गवई एकाएकी खर्जात उतरे आणि चावी देताच पुन्हा मूळ स्वरावर येई, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांस निराळे सांगावयास नको. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या छोट्या कॅसेटमध्ये फीत दर सेकंदास ४.७६ सेंटिमीटर इतक्याच वेगाने सरकावी लागे. बॅटरीतील सेल उतरले की वेग कमी होई आणि मुलीचा आवाज पुरुषासारखा भासे. रबरी पट्टा सैल पडला तर स्वर डळमळे. त्यातच आपल्याकडील हवामान! धूळ फितीस व मुद्रणशीर्षास ओरखडे पाडी आणि कोकणातील पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या फितींवर बुरशी चढे.

चित्राची अडचण याहून मोठी होती. माणसाच्या कानास ऐकू येणाऱ्या ध्वनीची कंपने सेकंदास फार तर वीस हजारांपर्यंत असतात. पण दूरचित्रवाणीचे चित्र मुद्रित करावयाचे तर सेकंदास चाळीस-पन्नास लाख चढउतार टिपावे लागतात. साध्या रीतीने हे करावयाचे म्हटल्यास फीत इतक्या वेगाने पळवावी लागेल की, काही मिनिटांतच बैलगाडीच्या चाकाएवढे रीळ संपून जाईल. अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५६ साली यावर तोड काढली. तिने फीत सेकंदास ३८ सेंटिमीटर एवढ्याच बेताच्या गतीने सरकविली. मात्र मुद्रणशीर्षे बसविलेले एक लहानसे चक्र फितीच्या रुंदीवरून मिनिटास १४,४०० फेरे या वेगाने फिरविले. अशा रीतीने शीर्ष व फीत यांमधील प्रत्यक्ष वेग सेकंदास सुमारे ४० मीटर झाला. पुढे घरोघरी आलेल्या व्हिडिओ यंत्रांतही फिरत्या शीर्षांची हीच युक्ती निराळ्या रूपात होती. युक्ती मोठी कुशल खरी. परंतु यंत्रशास्त्राची धाव कोठपर्यंत पोहोचते, हेही तिने दाखवून दिले.

आवाजाचे आकडे

फिरण्यातून सुटका झाली ती अधिक चांगले चाक सापडल्यामुळे नव्हे. आवाज लिहून घेण्याची रीतच बदलल्यामुळे झाली. दवाखान्यात तापाच्या रोग्याच्या उशाशी एक तक्ता टांगलेला असतो. दर चार तासांनी ताप मोजून त्यावर आकडा मांडतात. ते आकडे बिंदूंनी दाखवून जोडले की तापाचा चढउतार डोळ्यांपुढे उभा राहतो. मधल्या प्रत्येक क्षणाचा ताप कोणी मोजलेला नसतो. आवाजाचेही तसेच करता येते. मायक्रोफोनमधून येणारा विद्युत्प्रवाह ठराविक अंतराने मोजावयाचा आणि प्रत्येक वेळचे माप आकड्याने लिहावयाचे. ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने ही कल्पना १९३७-३८ च्या सुमारास मांडली. ती व्यवहारात आणण्याजोगी स्वस्त साधने मात्र त्या वेळी नव्हती.

किती वेळा मोजावे, यास नियम आहे. हॅरी नायक्विस्ट याच्या १९२८ सालच्या लेखनात त्याचे मूळ सापडते आणि क्लॉड शॅनन याने १९४९ साली त्याची रीतसर मांडणी केली. ध्वनीतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप केले, तर त्या आकड्यांवरून मूळ तरंग पुन्हा उभारता येतो. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या संगीताच्या कॉम्पॅक्ट डिस्ककरिता सेकंदास ४४,१०० मोजमापे ठरविण्यात आली. प्रत्येक मोजमापासाठी ६५,५३६ पायऱ्यांची पट्टी वापरतात. या पट्टीवरील कोणताही आकडा शून्य व एक या दोनच अंकांत लिहावयाचा झाल्यास सोळा घरे लागतात. डाव्या व उजव्या अशा दोन बाजूंचा ध्वनी धरून सेकंदास एकूण १४,११,२०० शून्ये व एक लिहावे लागतात. दूरध्वनीवरील बोलणे समजण्यापुरते असावे लागते. तेथे सेकंदास ८,००० मोजमापे व प्रत्येकास आठ घरे, म्हणजे ६४,००० अंक पुरतात.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा फरक घडून आला. खाच वा चुंबकित डाग यांस लांबी असते. आकड्यास लांबी नसते. एकदा आवाजाचे आकडे झाले की क्षणांचा क्रम जागेच्या सरकण्याने दाखविण्याचे कारण उरत नाही. प्रत्येक आकड्यास अनुक्रमांक दिला म्हणजे झाले. हजेरीपटातील सतराव्या विद्यार्थ्याची हजेरी पाहावयाची तर सारा पट डोळ्यांखालून घालावा लागत नाही, सतराव्या ओळीवर बोट ठेवले की पुरते. तसेच हे आहे. आता राहिला वेग. तो साठवणीच्या हाती न ठेवता एका निराळ्या घड्याळाच्या हाती देण्यात आला. क्वार्ट्झचा एक लहानसा स्फटिक विजेच्या योगे ठराविक वेगाने कंप पावतो. त्याच्या ठोक्यावर आकडे आत घेतले जातात व त्याच्याच ठोक्यावर बाहेर काढले जातात. म्हणूनच मोबाइलची बॅटरी संपत आली तरी गाणारी मुलगी खर्जात उतरत नाही. यंत्र अखेरपर्यंत योग्य स्वरात वाजते आणि मग एकदम बंद पडते.

शास्त्रदृष्ट्या काटेकोर बोलावयाचे तर या यंत्रात काहीच हालत नाही असे म्हणता येणार नाही. ध्वनी हाच मुळी हवेचा कंप असल्याने मायक्रोफोनमध्ये पडदा असतो व तो थरथरतोच. हल्ली हा पडदा सिलिकॉनचा, मिलिमीटरभर रुंदीचा असतो आणि फोनच्या कडेवरील बारीक छिद्रामागे बसविलेला असतो. क्वार्ट्झचा स्फटिक कंप पावतो हे वर आलेच आहे. पुष्कळ फोनांत चित्र स्पष्ट करण्यासाठी भिंगही किंचित् मागेपुढे सरकते. हालचाल नाहीशी झाली ती साठवणीतून. आणि झिजणारे, अडणारे, धुळीने बिघडणारे बहुतेक भाग तेथेच होते.

सिलिकॉनची पाटी

आकडे ठेवावयाचे कोठे? कॉम्पॅक्ट डिस्कवर ते ठेवता येत होते. पण ती डिस्कही फिरवावी लागे. संगणकातील चुंबकीय चकतीही फिरतीच. न फिरणारी, वीज बंद केल्यावरही न विसरणारी आणि पुन्हा पुन्हा लिहिता-पुसता येणारी स्मृती हवी होती. तिचे बीज १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पडले. दावोन कांग व सायमन झी या दोघांनी ट्रान्झिस्टरच्या पोटात धातूचा एक असा थर बसविला की, ज्यास बाहेरच्या कोणत्याही तारेचा स्पर्श नाही. त्याच्या सर्व बाजूंस विद्युत्‌निरोधक द्रव्य. हा थर जणू बेटासारखा अधांतरी असतो, म्हणून त्यास तरते द्वार म्हणतात.

या बेटावर इलेक्ट्रॉन नेऊन सोडले तर ते तेथेच अडकून पडतात, कारण परत येण्यास वाट नाही. बेटावर इलेक्ट्रॉन असले म्हणजे एक खूण, नसले म्हणजे दुसरी. ते आहेत की नाहीत, हे बेटास हात न लावताच कळते. खालील ट्रान्झिस्टरला ठराविक दाबाची वीज देऊन पाहतात. बेट रिकामे असेल तर प्रवाह वाहतो. इलेक्ट्रॉनांनी भरलेले असेल तर त्यांच्या विद्युद्भारामुळे प्रवाह अडतो. वाचताना इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत, त्यामुळे सुईने तबकडी झिजे तशी येथे ऐकल्याने झीज होत नाही.

मग बेटास वाटच नसेल तर इलेक्ट्रॉन तेथे पोहोचतात कसे? भोवतीच्या निरोधकाची भिंत अतिशय पातळ असते. तिची जाडी साधारणतः सेंटिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतकी भरते. तिच्यावर पंधरा-वीस व्होल्टचा दाब दिला असता इलेक्ट्रॉन भिंत ओलांडून नव्हे, तर जणू तिच्यातून बोगदा काढून पलीकडे उतरतात. चेंडू भिंतीवर फेकल्यास तो परत येतो. पण इतक्या सूक्ष्म जगातील नियम चेंडूचे नव्हेत, ते पुंजयामिकीचे आहेत. दाब काढून घेतला की भिंत पुन्हा भिंत होते आणि इलेक्ट्रॉन आत राहतात. दाबाची दिशा उलट केली की ते बाहेर पडतात व कप्पा कोरा होतो. ही भिंत ज्या द्रव्याची असते ते सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे संयुग आहे, आणि नदीकाठच्या वाळूचाही मुख्य घटक तेच संयुग आहे, हे मुलांस अवश्य सांगावे.

इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन याने १९७१ साली या तत्त्वावर पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती केली. परंतु ती पुसण्यासाठी तिच्यावरील काचेसारख्या खिडकीतून कित्येक मिनिटे जंबुपार किरण सोडावे लागत. जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका याने १९८४ साली कप्प्यांचा सबंध गट विजेनेच एका झटक्यात पुसण्याची पद्धत मांडली. कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखे हे पुसणे आहे, असे त्याच्या एका सहकाऱ्यास वाटले आणि तिला फ्लॅश हे नाव पडले. १९८७ साली मासुओका व त्याच्या सहकाऱ्यांनी कप्पे माळेसारखे एकापुढे एक गुंफण्याची जी रचना पुढे आणली, तिच्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ कप्पे मावू लागले. मोबाइलमधील व मेमरी कार्डातील साठवण याच रचनेची वंशज आहे.

दगडी पाटीची उपमा येथे बरीच जुळते. पाटीवर अक्षरे एकामागून एक लिहितात. पण पुसताना ओल्या फडक्याने सारी पाटी एकदम पुसतात. फ्लॅश स्मृतीतही लिहिणे लहान तुकड्यांनी होते, पुसणे मात्र मोठ्या गटानेच होते. उपमेचा आणखी एक भाग व्यवहारात उपयोगी आहे. फोनवरील एखादे मुद्रण पुसून टाकण्याची आज्ञा दिली म्हणजे पाटी तत्काळ पुसली जातेच असे नाही; पुष्कळदा अनुक्रमणिकेतील नाव तेवढे खोडले जाते व कप्पे पुढील लेखनासाठी मोकळे आहेत, अशी नोंद होते. म्हणून कार्डावरील महत्त्वाचे मुद्रण चुकून पुसले गेल्यास त्या कार्डावर नवे काहीही मुद्रित न करता ते जाणत्या माणसाकडे न्यावे. नव्या मुद्रणाने तेच कप्पे वापरले, तर मात्र जुने परत मिळण्याची आशा नाही.

एका कप्प्यात एकच अंक ठेवावा असेही बंधन नाही. बेटावरील इलेक्ट्रॉनांची संख्या काटेकोरपणे कमीजास्त करून चार, आठ, अगदी सोळा निरनिराळ्या पातळ्या ओळखता येतात; त्यामुळे एकाच कप्प्यात दोन, तीन वा चार अंक मावतात. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील आयएसडी या कंपनीने तर आवाजाचे आकडेही न करता, त्याची प्रत्येक वेळची पातळी तशीच कप्प्यात भरण्याची लहान चकती विक्रीस आणली. तिच्यात सेकंदांतच मोजावे असे बोलणे मावे, तथापि बोलक्या खेळण्यांस तेवढे पुरेसे होते.

चित्राची गोष्ट

चित्राच्या बाबतीत आधी डोळा बदलला आणि वही मागून बदलली. बेल प्रयोगशाळेतील विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली प्रकाशाचे विद्युद्भारात रूपांतर करून तो ओळीने पुढे सरकविणारी सिलिकॉनची चकती योजिली. या कार्याबद्दल त्यांस २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन याने १९७५ साली असल्या चकतीवर चालणारा कॅमेरा बांधला. त्याचे चित्र शंभर बिंदू रुंद व शंभर बिंदू उंच, म्हणजे अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते. मौज अशी की, न फिरणाऱ्या या डोळ्याने पाहिलेले चित्र ठेवण्यासाठी एक फिरती कॅसेटच लावावी लागली आणि एक चित्र तिच्यावर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. आज फोनांत वापरली जाणारी चकती निराळ्या रचनेची आहे. तिच्या विकासात एरिक फॉसम याच्या १९९० नंतरच्या कामाचा मोठा वाटा आहे.

या चकतीस रंग कळत नाहीत. उजेड कमी की जास्त एवढेच कळते. यास्तव प्रत्येक बिंदूवर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी बसवितात. त्यांपैकी निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, कारण माणसाच्या डोळ्यास बारीक तपशील हिरव्या प्रकाशात अधिक चांगला दिसतो. ही मांडणी कोडॅकमधील ब्राइस बेयर याची असून तिचे पेटंट १९७६ सालचे आहे.

बहुतेक फोनांत चित्राच्या ओळी एकाच क्षणी टिपल्या जात नाहीत, वरून खाली एकामागून एक टिपल्या जातात. याचा पडताळा वर्गातच पाहता येतो. जोराने फिरणाऱ्या पंख्याचे चित्रमुद्रण केले असता त्याची पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतात. कारण खालच्या ओळी टिपल्या जाईपर्यंत पाते पुढे गेलेले असते. काही दिव्यांच्या उजेडात चित्रावरून काळपट पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडील विजेची दिशा सेकंदास पन्नास पूर्ण फेरे घेते, त्यामुळे असे दिवे सेकंदास शंभर वेळा मंद-तेज होतात आणि ओळीओळीने पाहणारा कॅमेरा ते पकडतो. खर्च काही नाही, आणि पाचवीच्या मुलांस याहून चांगला प्रयोग शोधून मिळणार नाही.

आकड्यांचा डोंगर मात्र येथे प्रचंड होतो. १,९२० बिंदू रुंद व १,०८० बिंदू उंच चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस रंगांकरिता चोवीस अंक व सेकंदास पंचवीस चित्रे धरली, तर दर सेकंदास सुमारे १२४ कोटी अंक लिहावे लागतील. ३२ गिगाबाइटचे कार्ड साडेतीन मिनिटांच्या आतच भरून जाईल. म्हणून सारे न लिहिता जेवढे बदलले तेवढेच लिहिण्याची युक्ती योजितात. भिंतीपुढे उभी राहून मुलगी कविता म्हणत असेल, तर भिंत पुन्हा पुन्हा कशाला लिहावयाची? हलणारे ओठ व हात तेवढे लिहावे. बाकीचे मागील चित्रातून घ्यावे. २००३ साली ठरलेल्या एच-२६४ या संकेताने व त्याच्या पुढच्या संकेतांनी हे काम इतके साधले की, सेकंदास १२४ कोटींच्या जागी पावणेदोन कोटींच्या आतबाहेर अंकांत चांगले चित्र बसते व त्याच कार्डावर चार तासांचे मुद्रण मावते. ध्वनीसाठी याच्याच आधी, १९९० नंतरच्या काही वर्षांत, एमपी-३ ही पद्धती आली. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा व कानास न जाणवणारा बारीक आवाज ती वगळते. १९९८ साली कोरियात तिच्यावर चालणारे, फिरता भाग नसलेले संगीतयंत्र विक्रीस आले. पुढल्याच वर्षी एसडी कार्ड जाहीर झाले आणि २००४ साली पॅनासॉनिकने दूरचित्रवाणीच्या वार्ताहरांसाठी फीत नसलेला, कार्डावर मुद्रण करणारा कॅमेरा आणला. त्यानंतर फितींचे दिवस भराभर सरले.

खरखराटाचा इशारा

येथवरच्या विवेचनावरून नवी साठवण सर्व बाबतींत जुनीहून श्रेष्ठ, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. बेटावर अडकलेले इलेक्ट्रॉन कायमचे अडकलेले नसतात. ते अगदी सावकाश गळतात. नव्या कोऱ्या कप्प्यात खूण टिकण्यासाठी सामान्यतः दहा वर्षांच्या आसपासचा काळ सांगितला जातो, परंतु उष्णता वाढली की तो झपाट्याने घटतो. लिहिण्या-पुसण्याच्या प्रत्येक वेळी भिंतीतून इलेक्ट्रॉन रेटले जातात आणि भिंत किंचित् दुबळी होते. एका कप्प्यात अधिक अंक कोंबणाऱ्या कार्डांत ही मर्यादा हजार-दोन हजार वेळांवरच येऊन ठेपते, किंवा त्याहूनही अलीकडे. कार्डातील एक नियामक चकती हे श्रम सर्व कप्प्यांवर सारखे वाटून देत असते. पण ती चकतीच बिघडली, तर सारे कप्पे शाबूत असूनही कार्ड मुके होते.

यातील खरा धोका निराळाच आहे. तबकडी झिजू लागली की खरखर वाढे. फीत जुनी झाली की सूं असा आवाज चढे. ऐकणाऱ्यास वेळीच समजे की, आता दुसरी प्रत काढली पाहिजे. फीत तुटली तर चिकटपट्टीने सांधता येई व एखादा शब्द तेवढा जाई. कार्ड असा इशारा देत नाही. काल ते निर्मळ वाजत होते आणि आज उघडत नाही, असे घडते.

महाराष्ट्रातील शाळांना हा मुद्दा दूरचा नाही. खेड्यापाड्यांत पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते थांबले; जात्याबरोबर ओव्या म्हणण्याचा प्रसंगही गेला. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ यांनी १९८० नंतरच्या काळात अनेक सहकाऱ्यांच्या साह्याने गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आधी त्या हाताने उतरविल्या. पुढे कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही करण्यात आले. तो संग्रह आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने सांभाळला असून तो कोणासही ऐकता येतो. त्यांतील पुष्कळ गायिका आज हयात नाहीत. ज्या ओव्या, आरत्या, लावणीची गाणी व बोलीतील गोष्टी अद्याप गावातील एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या मुखात आहेत, त्या मुद्रित करण्याचे साधन प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आले आहे. मात्र त्याच फोनात ते मुद्रण राहिले आणि फोन बिघडला, तर ओवी दुसऱ्यांदा हरपते, आणि या वेळी ती पुन्हा म्हणून दाखविणारे कोणी नसते.

म्हणून शाळेने महत्त्वाच्या प्रत्येक मुद्रणाच्या निदान तीन प्रती ठेवाव्यात: एक मूळ साधनावर, एक शाळेच्या संगणकावर आणि एक शाळेबाहेर, मग ती केंद्रशाळेत असो वा इंटरनेटवरील साठवणीत. तिन्ही प्रती एकाच जातीच्या कार्डांवर नसाव्यात. संगणकाची जुनी, फिरती चुंबकीय चकती येथे चांगली उपयोगी पडते; न फिरणाऱ्या साठवणीस फिरत्या साठवणीचा आधार द्यावा लागतो, ही गोष्ट विचित्र भासली तरी खरी आहे. प्रत काढल्यावर ती आरंभापासून शेवटपर्यंत एकदा ऐकावी, नुसते नाव पाहून समाधान मानू नये. दर तीन-चार वर्षांनी नव्या साधनावर ताजी प्रत काढावी. कार्डे पत्र्याच्या छपराखालील कपाटात उन्हाळाभर ठेवू नयेत. मुद्रण चालू असता कार्ड उपसून काढू नये. त्या वेळी अनुक्रमणिका अर्धवट लिहिलेली असते व मागील मुद्रणेही सापडेनाशी होतात.

शाळेत किंवा गावात कोणाकडे जुन्या कॅसेट असतील तर त्यांवरील आवाज आताच उतरवून घ्यावा. फीत कदाचित् आणखी काही वर्षे टिकेल, पण ती वाजविणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे कारागीर दिवसेंदिवस विरळ होत आहेत. वाजविण्यापूर्वी फितीवर पांढुरकी बुरशी दिसल्यास ती यंत्रात घालू नये, नाहीतर यंत्र व फीत दोन्ही बिघडतात.

मुद्रण करताना फोन बोलणाऱ्यापासून हात-दीड हात अंतरावर, पंखा बंद करून ठेवावा. मायक्रोफोनच्या छिद्रावर बोट येऊ देऊ नये व त्यात धूळ साचू देऊ नये. आरंभी शिक्षकाने स्वतःच्या आवाजात बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव, तिची संमती, गाव, तालुका व तारीख स्पष्ट उच्चारावी. कॅसेटच्या पाठीवर निदान पेन्सिलीने दोन शब्द खरडलेले असत. कार्डावर लिहावयास जागा नसते आणि यंत्राने आपण होऊन दिलेल्या नावात अक्षरे व आकडे यांपलीकडे काही नसते. हीच माहिती एका साध्या वहीत, मुद्रणाच्या अनुक्रमांकासह, शाईने नोंदवून ती वही शाळेच्या दप्तरात ठेवावी.